रविवारी दुपारी तीनला झेरॉक्स: मुलांच्या दोन दिवसांच्या कॉमिक कार्यशाळेबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडोदऱ्यात दांडिया बाजारजवळ मंडळाचा हॉल शनिवार-रविवार मिळतोय, ११ ते १६ वयाची सोळा मुलं आहेत, घरी मराठी बोलणारी पण शाळेत गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकणारी. त्यांच्यासाठी कॉमिक काढायची कार्यशाळा घ्यायची आहे. दोन दिवसांत माणसं, हातपाय, पर्स्पेक्टिव्ह (चित्रातलं जवळ-लांब) कितपत शिकवता येईल, साहित्य काय आणायचं आणि शेवटी प्रदर्शन लावावं का, असं तुम्ही विचारलंय.

हातपाय आणि पर्स्पेक्टिव्ह दोन दिवसांत येत नाहीत, आणि कॉमिकला त्यांच्यावाचून फारसं अडतही नाही. अडचण वेगळीच आहे. अशा कार्यशाळांतून बहुतेक मुलं अर्धं कॉमिक घेऊन घरी जातात. पहिलं पान मन लावून केलेलं, दुसरं घाईत, तिसऱ्यावर नुसती पेन्सिल. घरी ते कधीच पुरं होत नाही. आणि 'आपल्याला जमत नाही' एवढंच मूल त्यातून शिकतं. उलट आठ पानांचं, तळहाताएवढं का होईना, पण छापलेलं पुस्तक ज्यानं दुसऱ्याच्या हातात दिलं आणि तो वाचताना कुठे थांबला ते पाहिलं, ते मूल पुढचं पुस्तक आपणहून काढायला बसतं. म्हणून माझी सगळी आखणी रविवारी दुपारी तीनपासून उलटी चालते. तीन वाजता झेरॉक्सच्या काचेवर ठेवता येईल असा कागद प्रत्येकाकडे हवाच. त्याच्या आधीचं सगळं त्या हिशेबानं कापायचं.

काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. सोळा मुलांना एक शिकवणारा आणि दोन मदतनीस पुरतात. मदतनीस नसतील तर दहाच मुलं घ्या. अकराची आणि सोळाची मुलं एका टेबलावर बसवू नका, कारण लहान मुलं मोठ्यांचं चित्र पाहून स्वतःचं खोडत बसतात. जवळच्या झेरॉक्सवाल्याकडे ए-थ्री (ए-फोरच्या दुप्पट) कागद मावणारी काच नसेल तर मी पुढे दिलेली मापं बदलावी लागतील. आणि तारीख. नवरात्रातला शनिवार-रविवार वडोदऱ्यात घेऊच नका. गरब्याला रात्री उशिरापर्यंत जागलेली मुलं सकाळी दहाला आली तरी डोळे मिटतच येतात. उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या आठवड्याचंही तेच. गणपतीत तर मंडळाचा हॉल तुम्हालाच मिळणार नाही.

आता वेळेचा हिशेब. दोन्ही दिवशी दहा ते एक आणि दोन ते पाच, म्हणजे बारा तास. त्यातला एक तास हात मोकळा करण्यात, दोन तास गोष्ट ठरवण्यात, दोन तास छपाई, घड्या आणि वाचनात जातात. पाणी, चहा, इकडचं तिकडे शोधणं यात आणखी एक तास हमखास जातो. उरले सहा. नवख्या मुलाला एक चौकट, म्हणजे गोष्टीतलं एक चित्र, पेन्सिलनं काढून, अक्षरं लिहून, शाईनं पुरी करायला साधारण अर्धा तास लागतो. म्हणजे बारा चौकटी, तेही कुठे न अडखळता. 'प्रत्येकानं चार पानं, पानाला सहा चौकटी' असं ठरवलं की चोवीस चौकटी होतात आणि कार्यशाळा तिथेच फसते. आठ ते दहा चौकटी धरा. मग चुकायलाही थोडी जागा राहते.

आठ-दहा चौकटींना साजेसा आकार म्हणजे एका कागदाचं आठ पानी पुस्तक. ए-फोर कागद आडवा धरला की त्याचे वर चार आणि खाली चार असे आठ सारखे भाग पडतात. खालची ओळ डावीकडून आठ, एक, दोन, तीन. वरची ओळ उलटी, म्हणजे डोकं खाली करून, डावीकडून सात, सहा, पाच, चार. एक म्हणजे मुखपृष्ठ, आठ म्हणजे मलपृष्ठ. सगळ्या घड्या घालून उलगडायचं, मग कागद आखूड बाजूनं अर्धा दुमडायचा आणि दुमडलेल्या कडेकडून मधल्या आडव्या घडीवर फक्त पुढच्या घडीपर्यंत कात्री चालवायची. उघडल्यावर मधल्या दोन रकान्यांत एक चीर दिसते. आता कागद लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकलली की चीर फाकते, वरून अधिकचं चिन्ह दिसतं आणि ते मिटलं की पुस्तक तयार. पिन नको, गोंद नको, छपाई एकाच बाजूला. हे शब्दांत वाचून डोक्यात बसत नाही. आज रात्रीच एक कोरा कागद घेऊन आकडे घालून करून बघा, आणि कार्यशाळेत प्रत्येक मुलाला सर्वांत आधी हेच करायला लावा.

इथे एक नेहमीची चूक होते. मुलांना आखलेला मोठा कागद दिला की वरची ओळ उलटी काढायची हे निम्मी मुलं विसरतात. शिवाय सातवं पान बिघडलं की आधीची सहा चांगली पानं त्याच कागदावर अडकलेली असतात. म्हणून मी मुलांना सुटी पानं देते. ए-थ्री कार्ट्रिज कागदाचे (चित्रकलेचा जाडसर कागद) आठ तुकडे केले की प्रत्येक तुकडा ए-सिक्स, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर होतो. कडेनं एक-दोन मिलिमीटर कमी कापा, चिकटवताना पानं एकमेकांवर चढत नाहीत. मूल सुटी पानं काढतं, रविवारी ती ए-थ्री कागदावर योग्य जागी, योग्य दिशेनं चिकटवली जातात आणि झेरॉक्सवर ७१ टक्के केलं की ते बरोबर ए-फोरवर उतरतं. पान बिघडलं तर तेवढं एकच परत काढायचं. मोठं काढून लहान केल्यानं थरथरती रेषही जरा सावरलेली दिसते, नवख्या हाताला तेवढा आधार पुरतो. चिकटवायला ग्लू-स्टिक घ्या. फेव्हिकॉलमधल्या पाण्यानं कागद फुगतो आणि काचेवर सपाट बसत नाही. चिकटवलेल्या कडांच्या बारीक काळ्या रेषा प्रतीत उमटल्या तर मशीनवर छपाई एक घर फिकी करायला सांगा, बहुतेक वेळा तेवढ्यानं जातात.

साहित्य सोळा मुलांसाठी असं: १४० जीएसएमच्या (कागदाच्या जाडीचं माप) आसपासचे ए-थ्री कार्ट्रिज साठ (प्रत्येकाला तीन, बाकी राखीव), कच्च्या कामाला साध्या ए-फोरचा एक रीम, एचबी पेन्सिली, फिकट आकाशी रंगीत पेन्सिली, वॉटरप्रूफ काळी ०.५ आणि ०.८ ची पेनं प्रत्येकी एक, काळं भरायला बारीक ब्रश आणि वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक चार मुलांत एक बाटली. बाटली टेबलाला चिकटपट्टीनं बांधून ठेवा, नाहीतर पहिल्या तासात एक तरी सांडते. ०.१ चं पेन कोणी घरून आणलं तर बाजूला ठेवायला सांगा, त्याची रेष लहान केल्यावर तुटते. बॉलपेनची रेष करडी उमटते. जेलपेन तळहाताखाली पसरतं. आकाशी पेन्सिलीचा फायदा असा की काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये ती सहसा उमटत नाही, म्हणजे खोडायलाच नको. पण मशीनमशीनवर फरक पडतो, त्यामुळे एक नमुना आधी काढून बघा. कटर मुलांच्या हातात द्यायचा नाही. पानं आदल्या दिवशी तुम्हीच कापून ठेवा.

आता अक्षरांकडे येते. तुमच्या मुलांच्या बाबतीत खरा पेच इथेच आहे, आणि बहुतेक शिकवणारे त्याच्याकडे शेवटच्या तासाला वळतात. देवनागरी अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. रोमन अक्षरांच्या अंतरानं ओळी लिहिल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. मूळ कागदावर अक्षराची उंची पाच मिलिमीटर ठेवा आणि एका शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंत दहा. लहान केल्यावर अक्षर साडेतीन मिलिमीटरचं होतं आणि आरामात वाचता येतं. तीन मिलिमीटरनं लिहिलं तर छापून दोनच उरतात आणि 'मं'चा टिंब, 'के'ची मात्रा शाईत बुजून जाते.

याच मापांतून फुग्यात, म्हणजे पात्राचं बोलणं लिहायच्या गोलात, किती शब्द मावतील हेही कळतं. पानाची रुंदी १०५, दोन्हीकडे आठ-आठचा समास सोडला की ८९ मिलिमीटर. फुगा पानाच्या निम्म्या रुंदीचा धरला तर एका ओळीत आठ-नऊ अक्षरं, म्हणजे जेमतेम दोन शब्द. दहा शब्दांना पाच ओळी आणि पन्नास मिलिमीटर उंची लागते. एका पानावर एकच चौकट असेल तर ते चालतं. त्याच पानावर दोन चौकटी केल्या तर प्रत्येकीला उंची मिळते साधारण ६४ मिलिमीटर. त्यात पन्नासचा फुगा बसवला तर चित्राला काय राहिलं? म्हणून दोन चौकटींच्या पानावर फुग्यात चार शब्द, एका चौकटीच्या पानावर दहा. 'कमी लिहा' असं म्हणून मुलं ऐकत नाहीत. पट्टी ठेवून मोजायला लावलं की ती स्वतःच शब्द कापतात.

गुजराती माध्यमातल्या मुलांचा हात शिरोरेषेविना चालतो, आणि लिहिता लिहिता क, ज, झ, अ ही अक्षरं गुजराती वळणाची होतात. यात रागावण्यासारखं काही नाही. दोन लिप्या सांभाळणारं मूल आहे ते. उपाय सोपा आहे. आधी आकाशी पेन्सिलीनं शिरोरेषांच्या जागा आखायच्या, मग त्या रेषेला टांगल्यासारखी अक्षरं लिहायची, आणि शिरोरेषा शेवटी शाईनं, प्रत्येक शब्दाला वेगळी ओढायची. आधीच सलग ओढली की शब्द एकमेकांना चिकटतात. फुग्यातला मजकूर कच्च्या कागदावर लिहून मदतनिसाला मोठ्यानं वाचायला द्यायचा. तो अडखळला तर तिथेच दुरुस्ती. शुद्धलेखनासाठी तेवढं पुरे. संवाद मात्र मुलं घरात बोलतात तेच ठेवा. 'काप्यो!' असं ओरडणारं पात्र 'कापला रे कापला' म्हणू लागलं तर ते पात्र वडोदऱ्याच्या गच्चीवरचं राहत नाही. एखाद्या मुलाला अख्खं पुस्तक गुजरातीत करायचं असेल तर करू द्या, असं माझं मत आहे. मंडळाच्या ज्येष्ठांना ते आधी समजावून सांगा, ऐनवेळी वाद नको.

फुग्यांचे आणखी दोन नियम. आधी अक्षरं लिहायची, मग त्यांच्याभोवती फुगा काढायचा. मुलं नेमकं उलटं करतात आणि शेवटचा शब्द फुग्याच्या कडेला दाबून बसवतात. दुसरं, जो आधी बोलतो तो चौकटीत डावीकडे उभा हवा. उजवीकडचा आधी बोलला तर त्याचा फुगा वर डावीकडे जातो, फुग्यांच्या शेपट्या (बोलणाऱ्याकडे जाणारी टोकं) एकमेकींना छेदतात आणि वाचणारा उत्तर आधी वाचून मग प्रश्नाकडे येतो. हे पेन्सिलीत दिसतं, म्हणून पेन्सिलीतच तपासा. शेपटी तोंडाच्या दिशेनं, पण चेहऱ्याच्या एक बोट अलीकडे थांबलेली.

गोष्ट ठरवायला शनिवारची दहा ते एक ही वेळ. पहिला पाऊण-एक तास खेळ. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाचे शिक्षक रोडॉल्फ टॉफर (१७९९–१८४६) चित्रगोष्टी काढायचे आणि सांगायचे की चेहरा कितीही वेडावाकडा काढला तरी त्याला काहीतरी भाव असतोच. भुवई, डोळा आणि ओठ यांतली एक एक रेष बदलत गेलं की माणूस बदलत जातो. मुलांना एका कागदावर वीस गोल आखून द्या आणि प्रत्येकात फक्त भुवया व ओठ बदलून चेहरे काढायला सांगा, थेट पेनानं, खोडरबर टेबलावर नको. ड्रॉइंगच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना खोडत राहायची सवय असते, ती या वीस गोलांत बरीच सुटते. ॲनिमेच्या (जपानी कार्टूनच्या) चेहऱ्यांचा सराव केलेली एक-दोन मुलं असणारच. त्यांना तोडू नका, फक्त त्याच पात्राचं डोकं मागून कसं दिसतं ते काढायला सांगा. नकलेत जे नसतं ते तिथे स्वतः शोधावं लागतं.

मग दोन चौकटी. पहिलीत टेबलाच्या कडेला ठेवलेला पाण्याचा तांब्या, दुसरीत फडकं घेऊन उभी आई. एवढंच काढायचं. मध्ये काय झालं ते सगळ्यांना कळतं, तांब्या पडताना कोणीच काढलेला नसतो. दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीत वाचणारा काम करतो, हे मुलांना या एका खेळात उमगतं. आणि मग प्रत्येक हालचाल काढत बसायची गरज नाही हेही.

आता गोष्ट. मुलं सांगतात ती पहिली गोष्ट साधारण अशी असते: उत्तरायणला मुलगा उठतो, दात घासतो, चिक्की खातो, गच्चीवर जातो, पतंग चढवतो, शेजाऱ्याचा कापतो, मग त्याचा कापला जातो, तो रडतो, बाबा नवीन पतंग देतात. नऊ घटना, त्यातल्या पहिल्या पाचांत काहीच घडत नाही. मुलाला दोनच प्रश्न विचारायचे: 'यात बिघडतं कधी?' आणि 'मग ते कुठे जाऊन पडलं?' पहिल्या प्रश्नानं गोष्टीची सुरुवात सापडते, दुसऱ्यानं गोष्ट.

समजा मुलगा म्हणाला, कापलेला पतंग जिच्याशी भांडण झालंय त्या मुलीच्या गच्चीवर पडला. झालं, पुस्तक उभं राहिलं. पान दोन: हातात ढिला पडलेला मांजा, कोपऱ्यात दुसऱ्या गच्चीवरून आलेला फुगा, 'काप्यो!' पान तीन: छपरांवरून लांब जाणारा बारीकसा पतंग, खाली पाठमोरा मुलगा, 'आता?' पान उलटलं. पान चार: पाण्याच्या टाकीला लटकलेला पतंग आणि शेजारी ती. पान पाच: दोघांचे चेहरे समोरासमोर, शब्द नाही. पान उलटलं. पान सहा: ती पतंग फाडत नाहीये, कन्नी (मांजा जोडायचा दोरा) बांधतेय, फक्त तिची बोटं दिसतात. पान सात: पतंग वर, दोन गच्च्यांवरून दोन हात, 'ढील दे!' मलपृष्ठावर नुसतं आकाश आणि एक ठिपका. अख्ख्या पुस्तकात चार शब्द.

इथे पानं उलटण्याचं गणित नीट पाहा. दोन-तीन, चार-पाच, सहा-सात ही पानं जोडीनं उघडतात. म्हणजे चार, सहा आणि आठ ही पानं उलटल्यावरच दिसतात. जे लपवायचं ते या पानांवर ठेवायचं. 'ती कन्नी बांधतेय' हे पाचव्या पानावर आलं असतं तर चार उघडताच डोळ्यांत शिरलं असतं. शनिवारी मुलांनी केलेल्या कोऱ्या पुस्तकात आगपेटीएवढ्या आकाराची काडीमाणसं काढून हा क्रम तपासायचा. अशी दोन कच्ची पुस्तकं प्रत्येकानं करायची. पहिलं शेजाऱ्याला न बोलता वाचायला द्यायचं. शेजाऱ्यानं 'हे कोण?' विचारलं तर समजावून सांगायचं नाही, चित्र बदलायचं. एकच्या जेवणाआधी, पावणेएकला गोष्टीला कुलूप. त्यानंतर गोष्ट बदलता येणार नाही हे सकाळीच सांगून ठेवा आणि मग खरंच बदलू देऊ नका. दुपारी चारला 'मला दुसरी गोष्ट सुचली' म्हणणारं मूल रविवारी रडवेलं होतं.

शनिवारी दुपारी आधी पात्र. प्रत्येक पात्राला तीन खुणा: केसांचा आकार, एक वस्तू, एक काळा भाग. उदाहरणार्थ, उभे केस, चष्मा, काळी चड्डी. या तीन खुणा असल्या की नाकडोळे दर चौकटीत थोडे बदलले तरी वाचणारा ओळखतो. पात्र समोरून, बाजूनं, मागून, बसलेलं आणि धावतानाचं असं पाच वेळा कच्च्या कागदावर काढलं की मगच पानाला हात लावायचा. हे मुलांना दाखवायला तुमच्या हाताशी मोठं भांडार आहे. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा, एकोणिसाव्या शतकातला, बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा. त्याच्या भिंतींवर कृष्णाच्या कथा, महाभारत, मराठे-इंग्रज लढाईचे प्रसंग रंगवलेले आहेत. गायकवाडांच्या स्मरणार्थ बांधलेल्या कीर्तिमंदिरात चित्रकार नंदलाल बोस यांची गंगावतरण आणि मीरेच्या आयुष्यावरची भित्तिचित्रं आहेत. आधीच्या रविवारी, पाहायला कधी मिळतं ते विचारून, मुलांना घेऊन जा. 'एकच माणूस किती वेळा आलाय आणि तो तुम्ही कशावरून ओळखला?' एवढा एकच प्रश्न देऊन फिरवा. कार्यशाळेच्या बारा तासांतून मात्र ही भेट काढू नका, जाण्यायेण्यातच दोन तास संपतील.

चौकट काढताना मुलं सगळ्या माणसांना डोक्यापासून पायापर्यंत, एका ओळीत, नाटकाच्या पडद्यासमोर उभं करतात. एक नियम द्या: आठ पानांत निदान एक चौकट खूप जवळून, एक खूप लांबून, एक पाठमोरी. हात काढायची भीती असेल तर जवळून फक्त हातच काढायला द्या, स्वतःचा डावा हात समोर धरून. मोठा काढला की हात सोपा वाटतो. तो अवघड होतो तो मनगटाएवढ्या लहान माणसाला पाच बोटं बसवताना.

पाचला घरी जाण्याआधी सहा पानं पेन्सिलीत हवीत, मुखपृष्ठ नको. मुखपृष्ठ रविवारी सगळ्यात शेवटी. आधी काढलं तर मुलं त्यावर दोन तास घालवतात आणि आतलं पात्र वेगळंच निघतं.

रविवारी सकाळी आधी सगळ्या पानांची अक्षरं शाईनं, मग फुगे, मग चौकटीच्या कडा, मग माणसं, शेवटी काळं भरणं. तळहाताखाली कच्चा कागद ठेवायलाच हवा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामानं ओली रेष पुसली जाते. पावसाळ्यात शाई सुकायला जास्त वेळ लागतो, खोडरबर लावण्याआधी पंधरा मिनिटं थांबा. पंख्याखाली सुटी पानं उडतात, प्रत्येकाला एक पॅड आणि दोन चिमटे द्या. प्रत्येक चौकटीत निदान एक गोष्ट ठार काळी असू दे: केस, दार, रात्र, सावली. सगळं नुसत्या रेषेत राहिलं तर लहान केल्यावर पान धुवट दिसतं. चुकलं तर व्हाइटनरचा थर देऊ नका, त्यावर पेन अडकतं. पांढऱ्या लेबलचा तुकडा चिकटवून वर काढायचं, झेरॉक्सला काही कळत नाही.

मदतनिसांबद्दल एक आग्रह. तुमच्या शहरात १९५० पासून फाइन आर्ट्सची फॅकल्टी आहे, तिथले दोन विद्यार्थी मिळाले तर उत्तम. पण मुलाच्या पानावर त्यांनी पेन टेकवायचं नाही. दाखवायचं ते शेजारच्या कच्च्या कागदावर. मोठ्यानं काढलेला एक सफाईदार हात पानावर आला की बाकीचं पान मुलाला वाईट दिसू लागतं, आणि पुढचा प्रत्येक हात ते मदतनिसाकडे घेऊन येतं.

बारा वाजता फेरी मारा. ज्यांची तीनपेक्षा जास्त पानं शाईविना आहेत त्यांच्याशी बसून पानं सोपी करा. गर्दीची चौकट काळ्या सावल्यांची करता येते. अंगणातला प्रसंग फक्त दोन डोळ्यांवर आणता येतो. दिवे गेले म्हणून अख्खी चौकट काळी आणि मध्ये एक फुगा, हेही चालतं. कॉमिक काढणारे हे रोज करतात, यात फसवणूक नाही. मुलाला तसं स्पष्ट सांगा, म्हणजे त्याला कमीपणा वाटणार नाही.

अडीचला चिकटवणं, तीनला छपाई. झेरॉक्सची बरीच दुकानं रविवारी बंद असतात. शुक्रवारी दुकानदाराशी बोलून वेळ पक्की करा, ७१ टक्क्यांचा एक नमुना काढून बघा, आणि मदतनिसाला मूळ कागद सपाट फाईलमध्ये घालून पाठवा, गुंडाळी करून नव्हे. सोळा मुलांना प्रत्येकाचं एक पुस्तक म्हणजे २५६ प्रती, शिवाय प्रत्येकाला घरच्यांसाठी चार जादा, एकूण ३२०. दोन रुपयांनी धरलं तरी ६४० रुपये. घडी आणि कात्रीला एका प्रतीमागे दीड मिनिट लागतं, म्हणजे एकट्याचे आठ तास, पण सोळा जणांची अर्ध्या तासाची मजा. पहिल्या पाच प्रती मदतनिसाने तपासायच्या. चीर एक घर जास्त कापली की पुस्तकाच्या दोन चिंध्या होतात.

प्रदर्शनाचं म्हणाल तर मूळ कागद भिंतीवर लावू नका. अर्धी पानं उलटी असतात, पालकांना काही कळत नाही आणि 'हे असं का काढलं?' हे मुलाला ऐकावं लागतं. हॉलमध्ये एक सुतळी बांधा, कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं टांगा, खाली सतरंजी घाला. साडेचार वाजता आधी फक्त मुलं, वीस मिनिटं, न बोलता, एकमेकांची पुस्तकं वाचतील. मग प्रत्येकानं एका पुस्तकातलं एक पान उघडून दाखवायचं, जिथे ते थांबलं किंवा हसलं. 'छान आहे' एवढं चालणार नाही, पान दाखवायचं. ज्याचं पान दाखवलं जातं त्याच्याकडे तेव्हा लक्ष ठेवा. पालकांना पाच वाजता आत घ्या, आणि दारातच प्रत्येकाच्या हातात आपल्या नव्हे, दुसऱ्याच्या मुलाचं पुस्तक द्या.